उम्म खलीलच्या वाट्याची झाडं

अबू धाबीहून परतल्यावर आमच्या आळीत ज्याने त्याने मला एकच विचारलं, उंच इमारती बघितल्या का? बघितल्या. अल रीम आयलंडच्या काचेच्या इमारती संध्याकाळच्या उन्हात पेटल्यासारख्या दिसतात, त्या गाडीतून बघितल्या. पण माझी लेक प्रीती तिथे राहत नाही. ती राहते मुसाफाजवळ, मोहम्मद बिन झायद सिटीत. एका मोठ्या बंगल्याचे भाग पाडून भाड्याने दिलेत, त्यातला एक भाग तिचा. तिच्या धाकट्याचा बाप्तिस्मा होता, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यावर मी वसईहून गेले. माझ्या प्रवासातलं जे सांगण्यासारखं आहे ते बहुतेक त्या बंगल्याच्या अंगणातच घडलं.

पहिली सकाळ

वसईच्या घड्याळाने जाग आली तेव्हा तिथे जेमतेम उजाडलं होतं. चहाचा कप घेऊन बाहेर आले. अंगण म्हणजे नुसती फरशी. एका भिंतीला ठिबकणारे एसी, दुसऱ्या भिंतीशी प्रीतीच्या कढीपत्त्याची कुंडी. हवा त्या वेळीही भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखी.

पलीकडच्या दाराशी माझ्याच वयाची एक बाई बुटक्या स्टुलावर बसली होती. पायघोळ काळा झगा, छातीवर लाल भरतकाम, डोक्याला पांढरा रुमाल. पुढ्यात घमेलंभर हिरवी फळं. एकेक फळ फरशीवर ठेवून त्यावर दगडाचा एकच ठोका द्यायची आणि फुटलेलं फळ पाण्याच्या भांड्यात टाकायची. लोणच्याला आवळे ठेचावेत तसं. मला राहवेना. मीही फतकल मारून बसले. तिने काही न विचारता एक दगड माझ्या हातात दिला.

निवडता निवडता एखादं तोंडात टाकायची आपली सवय. मी एक फळ चावलं आणि माझं तोंडच वाकडं झालं. त्याच्यापुढे कारलं गोड म्हणायचं. थुंकावं कुठे तेही कळेना. ती बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, मग आत जाऊन कसल्याशा पाल्याचा साखर घातलेला चहा घेऊन आली.

"झैतून," फळाकडे बोट दाखवून ती म्हणाली.

मी दगड खाली ठेवला. हा शब्द मला परका नव्हता. जैतुनांचा डोंगर, नोहाच्या कबुतराने चोचीत आणलेलं जैतुनाचं पान. आमच्या चर्चमध्ये जन्मभर ऐकलेला शब्द. शाळेत मराठी शिकवत असताना एकदा एका मुलीने मला विचारलं होतं, बाई, जैतून दिसतं कसं? मला सांगता आलं नव्हतं. आता ते माझ्यासमोर घमेल्यात होतं, आणि त्याची कडू चव अजून जिभेवर होती.

तिचं नाव सलमा. पण तिला सगळे उम्म खलील म्हणत, म्हणजे खलीलची आई. आपल्याकडे अमक्याची आई म्हणतात तसंच. तिने मला लगेच उम्म प्रीती करून टाकलं. नवरा वारलेला. मुलगा खलील दुबईला एका ऑफिसात इंजिनिअर. तो इथेच जन्मला, इथेच वाढला. माझ्या जावयाशी, नेल्सनशी, हिंदीतच बोलायचा. उम्म खलीलही इतक्या वर्षांत शेजारणींकडून आणि वाण्याकडून मोडकंतोडकं हिंदी शिकली होती. माझं हिंदी वसईचं. दोघींचं छान जमलं.

तिच्या वाट्याची झाडं

पुढचे दोन दिवस सकाळचा चहा मी तिच्याच दाराशी घेतला. नाश्त्याला ती गरम खुबूस, म्हणजे त्यांची भाकर, बशीत तेल आणि झातर नावाच्या सुक्या रानपाल्याची पूड ठेवायची. भाकर तेलात बुडवायची, मग पुडीत. तेल हिरवट, घशाला किंचित झोंबणारं. आपण खोबरेल किंवा तूप ज्या सैल हाताने घेतो तसं ती घेत नसे. डबा वाकडा करून थोडं थोडं ओतायची.

ठेचायची फळं बाजारातली, पण हे तेल तिच्या स्वतःच्या झाडांचं. नाब्लुसच्या बाजूला, इस्रायली सैन्याच्या ताब्यातल्या डोंगरात तिचं गाव. तिच्या बापाने लग्नात तिला उताराच्या खालच्या पायरीवरची झाडांची एक रांग काढून दिली होती. गावातले लोक म्हणाले, लेक तर परगावी चालली, तिला झाडं कशाला? बाप म्हणाला होता, झाडं असली म्हणजे ती आमची राहील. हे ऐकताना मला आमच्याकडचं आठवलं. वसईत लेकीला सोनं देतात, भांडी देतात, आणि वाडीचा विषय निघाला की तिच्याकडून हक्कसोडीवर सही घेतात. मीही केली आहे.

तिने ती झाडं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. लग्नानंतर बाहेर गेली, तिकडे राहण्याचा कागद संपला, आणि आता तिला आत सोडत नाहीत. झाडं तिचा भाऊ युसुफ सांभाळतो. तो आणि त्याची बायको नजवा दरवर्षी फळं उतरवतात, गावच्या घाण्यावर तेल काढतात, आणि कोणीतरी अम्मानमार्गे अबू धाबीला येणारं असलं की डबा पाठवतात.

जैतुनाच्या सुगीबद्दल बोलायला लागली की ती वेगळीच बाई व्हायची. त्या दिवसांत शाळेला सुट्टी. घराला कुलूप. म्हातारी माणसंसुद्धा डोंगरावर, झाडाखाली चादरी अंथरून, तिथेच चूल, तिथेच जेवण. भांडलेले भाऊही त्या दिवसांत एकमेकांची शिडी धरतात. पहिलं तेल घाण्यावरच भाकरीला लावून खायचं. मुलगा झाला की कोणी झाड लावतं, आणि त्या झाडाची फळं त्याची नातवंडं काढतात.

मग तिने आवाज खाली आणला. तिच्या रांगेच्या वरच्या टेकडीवर इस्रायली वसाहत झाली आहे. आधी तंबू होते, मग पत्र्याची घरं. तिथली माणसं सुगीत खाली उतरतात, मारहाण करतात, पोती ओतून देतात, झाडं जाळतात. सैन्य गावकऱ्यांना त्या उतारावर मोजकेच दिवस जाऊ देतं. गेल्या वर्षी जाऊच दिलं नाही, फळं झाडावर वाळून गेली. डब्यातलं तेल त्याच्याही आधीच्या सुगीचं.

"युसुफ इस मंगलवार जाएगा," ती म्हणाली. "इन्शाल्ला."

दुबई, जुमेरा लेक टॉवर्स

शनिवारी खलीलला ऑफिसात थोडं काम होतं. त्याने आम्हा दोघींना आणि प्रीतीला गाडीत घेतलं. मी म्हणाले होते की फळ पाहिलं, पण झाड अजून पाहिलेलं नाही. खलील म्हणाला, माझ्या ऑफिसजवळ एका हॉटेलच्या अंगणात जुनं झाड आहे, दाखवतो.

टॉवरांच्या मधल्या तळ्यांच्या कडेने चालत गेलो. हॉटेलच्या चौकात पांढरी खडी पसरलेली आणि मधोमध, सिमेंटच्या मोठ्या गोल कुंडीत, ते झाड. बुंधा दोन माणसांच्या कवेत न येणारा, पिळलेला, मध्ये पोकळ. पण वरच्या सगळ्या फांद्या छाटलेल्या आणि टोकांना चेंडूसारखे हिरवे झुबके. पानं वरून हिरवी, खालून रुपेरी. शेजारी सोफे, सोफ्यांवर लॅपटॉप घेऊन बसलेली माणसं. एक जोडपं झाडाला पाठ करून सेल्फी काढत होतं.

मला झाड फार आवडलं. मी तसं म्हणालेही. खलीलने माहिती दिली की अशी शेकडो वर्षांची झाडं युरोपातून मुळांसकट उपटून जहाजाने आणतात, नर्सरीत विकतात. इथल्या उन्हाळ्यात ती जगतात, पण फळ धरतील याचा भरवसा नाही.

उम्म खलील कुंडीच्या कडेवर बसली. तिने बुंध्याच्या पोकळीत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. हॉटेलचा एक माणूस येऊन नम्रपणे म्हणाला, मॅडम, प्लीज, तिथे बसू नका. ती उठली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "इसका आदमी लोग किधर है?"

मला आधी कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. इतकं म्हातारं झाड. ते कोणाच्या तरी आज्याने लावलेलं असणार. ज्यांच्या दारात ते होतं ती माणसं कुठे गेली? त्यांनी विकलं, का त्यांना विकावं लागलं? प्रीतीने कॉफी मागवूया का विचारलं. उम्म खलील नको म्हणाली.

मुसाफा, रविवार

मुसाफाच्या चर्चमध्ये एकाच सकाळी किती भाषा ऐकू येतात. मल्याळी, फिलिपिनो, कोकणी, अरबी, आणि मधूनच आमची वसईची बोली. बाप्तिस्म्याला नेल्सन काम करतो त्या हॉटेलातले त्याचे मित्र होते, वसई-मुंबईची ऑफिसांत काम करणारी मंडळी होती. फादरांनी बाळाच्या छातीला आणि मग टाळूला तेल लावलं. मी आजवर किती बाप्तिस्मे पाहिले असतील. आजाऱ्याला लावतात ते तेल माझ्या आईच्या कपाळावर शेवटी लावलेलं पाहिलं. पण तेल आलं कुठून, ते कोणत्या झाडाचं, कोणी उतरवलं, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. आमच्याकडे झावळ्यांच्या रविवारी आम्ही माडाच्या झावळ्या नेतो, नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादाला नेतो. जे आपल्या मातीत उगवतं ते आपल्याला दिसतं. तेल मात्र बाटलीतून येतं असंच मी धरून चालले होते.

दुपारी अंगणात जेवण होतं. उम्म खलील खास झगा घालून आली. बाळाला मांडीवर घेतलं, वाकली, आणि त्याची टाळू हुंगली. मग पुन्हा हुंगली.

"झैत," ती म्हणाली.

मी सांगितलं, हो, जैतुनाचंच तेल, सुवास मिसळलेलं. आम्ही हे पवित्र मानतो. ती म्हणाली, आमच्या कुराणातही हे मुबारक झाड आहे. बाळ तिच्या मांडीवरच झोपी गेलं. माझी मोठी नात रेचल म्हणाली, "ग्रँडमा, शी लाइक्स हिम मोर दॅन यू डू." सगळे हसले. उम्म खलीलला समजलं नाही, तरी तीही हसली. त्यानंतर मी तिला इतकं मोकळं हसताना पाहिलं नाही.

मंगळवार

खलीलने ऑफिसला सुट्टी टाकली. अंगणातल्या टेबलावर टॅब्लेट उभा केला. व्हॉट्सअॅपवर तिथे व्हिडिओ कॉल लागत नाही, त्यासाठी वेगळं अॅप घेतात. उम्म खलीलने आम्हालाही बोलावलं होतं, सणाला बोलवावं तसं. टेबलावर ठेचलेली जैतुनं, लिंबू-मिरची घालून मुरवलेली, पांढरं चीज, भाकऱ्या.

पलीकडे नजवा फोन हातात घेऊन चालत होती. लालसर माती, दगडी बांध, आणि माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा मोकळी वाढलेली जैतुनं. दुबईतल्या झाडासारखी कात्रीने बेतलेली नाहीत. फांद्या जमिनीपर्यंत आलेल्या, त्यांत हिरवी, जांभळी, काळी फळं. युसुफ शिडीवर. खाली चादरी. फळं चादरीवर पडत होती त्याचा आवाज सुपात धान्य पाखडावं तसा.

उम्म खलील इकडून सूचना देत होती आणि खलील मला सांगत होता. हे झाड एक वर्ष देतं, एक वर्ष आराम करतं. ह्याच्या मुळाशी दगड आहे, शिडी नीट लाव. त्याच्या मागचं बघ, तिथे बाबा बसायचे. तिने पडद्यावरच्या एका फांदीला बोट लावलं, तर चित्र हललं आणि ती ओशाळली.

मग कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज आला. युसुफने शिडीवरून मान वळवली. नजवा काहीतरी ओरडली. पडद्यावर आकाश दिसलं, मग माती, पळणारे पाय, माणसांचा कालवा, काहीतरी फुटल्याचा आवाज. आणि पडदा काळा झाला.

खलील पुन्हा पुन्हा फोन लावत राहिला. लागेना. उम्म खलील उठून आत गेली आणि तांदूळ धुवायला लागली. पाणी निवळ झालं तरी धुतच राहिली. मी तिच्या हातातून भांडं काढून घेतलं. मग आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो. तिने तिची जपमाळ काढली, मी माझ्या खिशातली रोझरी काढली. दोघींचे मणी सरकत होते.

दुपारी फोन आला. युसुफ दवाखान्यात होता. हात मोडला होता, डोक्याला टाके पडले होते. नजवा बरी होती. वरून उतरलेल्या माणसांनी काठ्यांनी मारलं, भरलेली पोती ओतून दिली आणि खालच्या पायरीवरची काही झाडं करवतीने कापली. सैनिक नंतर आले आणि त्यांनी गावकऱ्यांनाच तिथून हाकललं. अजून तीन दिवसांची परवानगी आहे म्हणे, पण कोणाच्या भरवशावर जायचं?

मग युसुफने बहिणीला विचारलं. खलील हे सांगताना खाली बघत होता. मामा म्हणतोय, जमीन पडीक दिसली की इस्रायली सरकार ती घेतं, मग ती आपली राहत नाही, हे तुला माहीत आहे. गेलं वर्ष असंच गेलं. मी हात गळ्यात बांधून जाईन, पण झाडं तुझी आहेत. तू सांगशील तसं.

युसुफने दोनदा तिचं नाव घेतलं.

"मला भाऊ एकच आहे," शेवटी ती म्हणाली. "झाडं माझी ना? मग मालकीण सांगतेय. जायचं नाही. खलास."

त्यानंतरचे दिवस

दोन दिवस तिचं दार बंद होतं. प्रीती म्हणाली, आई, त्यांना थोडी स्पेस दे. मला ते जमेना. आमच्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण नेतात. मी तांदळाच्या भाकऱ्या केल्या आणि सुकी कोलंबी परतून घेऊन गेले. तिने दार उघडलं. डोळे सुजलेले नव्हते, नुसते थकलेले. भाकरी हातात घेऊन बघितली, इतकी पांढरी आणि पातळ कशी म्हणून विचारलं. एक तुकडा खाल्ला.

"सगळे म्हणतात मी भावाला वाचवलं," ती म्हणाली. "बापाला काय सांगू?"

मी म्हणाले, बाप असता तर त्यानेही हेच केलं असतं. तिने मान हलवली. माझा बाप नसता थांबला, ती म्हणाली. तो गेला असता. म्हणूनच त्याने झाडं मला दिली असतील, त्याला वाटलं असेल मी त्याच्यासारखी आहे. सांत्वनाची वाक्यं मला पुष्कळ येतात, शाळेत पत्रलेखनात शिकवलीही आहेत. तिथे एकही उपयोगाचं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसून उरलेल्या भाकरीचे तुकडे केले, आणि आम्ही ते खाल्ले.

निघायच्या दिवशी

माझी बॅग दारात आली होती. नेल्सन गाडी काढत होता. तेवढ्यात पलीकडून उम्म खलीलचा आवाज आला, चढा, चिडलेला. मला वाटलं आता काय झालं? मी धावत गेले. ती टॅब्लेटसमोर उभी राहून ओरडत होती आणि तिचे गाल ओले होते. पडद्यावर नजवा. मागे गावातल्या पाच-सहा बायका, अंगाखांद्यावर धूळ, रुमालांत पाला अडकलेला.

खलीलने मला समजावून सांगितलं. आज परवानगीचा शेवटचा दिवस, म्हणून पहाटेच नजवा गावातल्या बायकांना घेऊन उतारावर गेली होती. युसुफला सांगितलं नाही, इकडेही कळवलं नाही. खालच्या पायरीवरची जी झाडं वाचली होती त्यांची फळं हातांनी उतरवली, शिडीचा आवाज नको म्हणून शिडी नेली नाही. वरून माणसं उतरताना दिसली तशा त्या निघाल्या. कोणाला काही झालं नाही.

उम्म खलील तिला बोलत होती, तुला काही झालं असतं तर? मी नाही म्हणाले होते ना? माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?

नजवा ऐकून घेत होती. मग शांतपणे म्हणाली, "तू युसुफला नको म्हणालीस. मला कोणी विचारलंच नाही."

उम्म खलीलने रुमालाच्या टोकाने तोंड पुसलं आणि ती खुर्चीवर बसली. मागच्या बायका हसू दाबत होत्या. मग तिने विचारलं, किती निघाली? नजवाने फोन वळवला. भिंतीशी एक पोतं होतं, अर्ध्याला थोडं वर.

"आजच घाण्यावर ने," उम्म खलील म्हणाली. "ठेवू नको. ठेवलेली फळं तापतात, तेल बिघडतं."

नेल्सनने हॉर्न वाजवला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने माझा हात धरला, गालाला लावला आणि दुसऱ्या हाताने मला थांब अशी खूण केली, कारण नजवा पलीकडून अजून काहीतरी विचारत होती. मी थांबले. तिचं बोलणं संपेना. शेवटी नेल्सननेच आत येऊन सांगितलं, आई, यल्ला, चला, विमान चुकेल. मी तशीच निघाले.

तेल आलं का, असं तुम्ही विचाराल. मी हे लिहीत असताना ते अम्मानला, नजवाच्या एका चुलत बहिणीच्या घरी आहे. तिथून अबू धाबीला येणारं कोणी अजून मिळालेलं नाही. प्रीती सांगते की जुना डबा संपला, खलीलने सुपरमार्केटमधून चांगली बाटली आणून ठेवली आहे, आणि उम्म खलील ती फक्त तळणीला वापरते. नाश्त्याला ती सध्या भाकर नुसतीच खाते.